सन हाउसचं ‘डेथ लेटर’, जॅक व्हाइटच्या हातून: ब्लॅकपूल २००४

सहावी_तार

मागच्या ब्लूजच्या धाग्यात अमेरिकन ब्लूज गायक-गिटारवादक सन हाउसच्या ‘डेथ लेटर’चा विषय निघाला आणि दहाव्या प्रतिसादाला गाडी गिटारच्या किमतींवर घसरली. म्हणून हा वेगळा धागा. द व्हाइट स्ट्राइप्स या जॅक (गिटार, गायन) आणि मेग (ड्रम) व्हाइट यांच्या दोघांच्या बँडने २७ आणि २८ जानेवारी २००४ ला इंग्लंडमधल्या ब्लॅकपूलच्या एम्प्रेस बॉलरूममध्ये कार्यक्रम केले. त्यांचं चित्रण ‘अंडर ब्लॅकपूल लाइट्स’ या डीव्हीडीवर आहे, सगळं सुपर ८ या अरुंद, घरगुती चित्रणाच्या फिल्मवर, त्यामुळे दाणेदार आणि थोडं अंधारलेलं. बोटं नीट दिसतच नाहीत अशी तक्रार होते आणि ती खरी आहे. पण या गाण्यात बोटांपेक्षा मनगट बघायचं असतं आणि ते दिसतं.

गाणं एका ओळीत सांगायचं तर सकाळी पत्र येतं, त्यात प्रेयसी वारल्याची बातमी असते. पुढच्या कडव्यांत तो जातो, तिला फळीवर ठेवलेली बघतो, माती देतो आणि सूर्य मावळल्यावर एकटा उरतो. सुरांचं सामान थोडं, कडव्याची पहिली ओळ दोनदा आणि तिसरी ओळ उत्तराची. कागदावर यात काहीच नाही.

व्हाइटने हे गाणं आधी २००० सालच्या ‘डी स्टाइल’ अल्बमवर घेतलं होतं. ती आवृत्ती आणि ब्लॅकपूल लागोपाठ ऐका. स्टुडिओत तो गाणं वाजवतो, ब्लॅकपूलला तो गिटार बडवतो. माझा मुद्दा हाच आहे, आणि त्यावर भांडायला हरकत नाही: व्हाइटने हाउसचे सूर फारसे घेतलेले नाहीत, त्याने आघात घेतला आहे. हाउसची साठच्या दशकातली चित्रफीत आवाज बंद करून बघितली तर उजवा हात कोपरापासून उचलला जातो आणि तारांवर पडतो. अंगठा खर्जावर आणि लगेच तर्जनी खालून वरच्या तारा उचकटून सोडते. तार फ्रेटवर (मानेवरच्या धातूच्या पट्टीवर) आपटते आणि ‘टण्ण’ असा आवाज होतो, तो सुराच्या आधी कानावर येतो. हा आवाज काढला की गाणं उरत नाही. यूट्यूबवरची निम्मी कव्हरं तिथेच पडतात: फझ (पेडलने फाटवलेला आवाज) भरपूर, स्लाइड (बोटात घालून तारांवर फिरवायची नळी) गुळगुळीत आणि हात मवाळ.

ट्यूनिंग, तारा, पेडल, ठेका यांवर जाणकारांनी लिहावं. टॅब (तारा आणि फ्रेट आकड्यांत दाखवणारं लेखन) टाकणार असाल तर तार क्रमांक आणि फ्रेट क्रमांक शब्दांत लिहा, फोनवर टॅबच्या ओळी मोडतात.

डेल्टा_दादर

या गाण्याला ‘अर्ली ब्लूज’, म्हणजे सुरुवातीच्या काळातलं ब्लूज, म्हणताना जरा जपून. ‘डेथ लेटर’ या नावाने आपण जे ऐकतो ते एप्रिल १९६५ मध्ये न्यूयॉर्कला कोलंबियासाठी मुद्रित झालं, निर्माता जॉन हॅमंड, अल्बम ‘फादर ऑफ फोक ब्लूज’. म्हणजे बीटल्सच्या काळातलं ध्वनिमुद्रण.

मूळ मात्र जुनं आहे. मे १९३० मध्ये विस्कॉन्सिनमधल्या ग्राफ्टनला पॅरामाउंट कंपनीसाठी हाउसने ‘माय ब्लॅक मामा’ दोन भागांत मुद्रित केलं. पत्राची कडवी त्याच्या दुसऱ्या भागात आहेत. दोन भाग का, तर ७८ आरपीएमच्या तबकडीच्या एका बाजूला तीनेक मिनिटंच मावायची. गाणं एरवी जेवढं हवं तेवढं चालायचं. त्याच सत्रात चार्ली पॅटन, विली ब्राउन आणि लुईझ जॉन्सनही होते.

पॅरामाउंट ही एका खुर्च्या बनवणाऱ्या कंपनीची शाखा होती, आणि तबकड्यांचा दर्जा ऐकला की ते पटतं. मोजक्याच प्रती टिकल्या, त्यामुळे आज जी डिजिटल आवृत्ती मिळते तिच्यात खरखरीमागे गिटार शोधावी लागते. १९३० चं वादन कानाने उतरवायचं असेल तर आधी १९६५ चं तोंडपाठ करा, मग मागे जा.

‘माय ब्लॅक मामा’ची तीच चाल पुढे रॉबर्ट जॉन्सनच्या १९३६ मधल्या ‘वॉकिंग ब्लूज’मध्ये आहे. मडी वॉटर्सकडेही तीच गेली. म्हणजे व्हाइट जी रिफ (पुन्हापुन्हा येणारा छोटा सुरांचा तुकडा) वाजवतो ती एका माणसाच्या मालकीची कधीच नव्हती, मिसिसिपी डेल्टातल्या चार गावांची होती.

कोमल_नी

ट्यूनिंगबद्दल सरगमच्या भाषेत सांगते, कारण आपल्याकडच्या कानाला ते पटकन कळतं.

हाउसचं ट्यूनिंग ओपन जी, म्हणजे मोकळ्या तारा छेडल्या की थेट जी कॉर्ड वाजते. जाड तारेपासून बारीक तारेकडे: डी, जी, डी, जी, बी, डी. जी ला षड्ज माना की सहा तारा होतात प सा प सा ग प. तानपुरा लावणाऱ्याला यात नवं काही नाही, फक्त शुद्ध गंधार जास्तीचा आहे. पाचवी तार मोकळी सोडली की खालचा सा वाजत राहतो. सगळं गाणं त्या सा वर उभं आहे.

आता सूर. पहिल्या तारेवर मोकळा प, तिसऱ्या फ्रेटवर कोमल नी, पाचव्यावर सा. तिसऱ्या तारेवर मोकळा सा, तिसऱ्या फ्रेटवर कोमल ग, चौथ्यावर शुद्ध ग. हाउसचा गंधार या दोन फ्रेटांच्या मध्ये कुठेतरी लागतो. कोमलपेक्षा चढा, शुद्धपेक्षा उतरलेला. शिवाय तो उभा लागत नाही, खालून घासत येतो आणि पोचायच्या आत सोडला जातो. स्लाइड नेमकी फ्रेटच्या तारेवर धरून शुद्ध ग लावला की गाणं एकदम गोड होतं, आणि हे गाणं गोड झालं की संपलं.

रिफचा सोपा सांगाडा असा. पाचवी तार मोकळी, जोरात. मग पहिली तार तिसऱ्या फ्रेटवरून मोकळीवर (नी, प). मग तिसरी तार, तिसऱ्या फ्रेटच्या किंचित आधीपासून तीन-चारच्या मध्यापर्यंत मींड आणि लगेच मोकळी (ग, सा). एवढंच. यात जास्तीचा एक सूर घातला तरी चाल बिघडते.

मध्यमावर जायचं असेल तेव्हा दोन वाटा. एक, स्लाइड पाचव्या फ्रेटवर आडवी. दोन, स्लाइड करंगळीत ठेवून बोटांनी दुसरी तार पहिल्या फ्रेटवर आणि चौथी तार दुसऱ्या फ्रेटवर, बाकी मधल्या तारा मोकळ्या. दुसरी वाट जास्त खरखरीत आणि इथे जास्त बरोबर, कारण पहिली मोकळी तार वाजली तर वरचा प कॉर्डमध्ये घुसतो आणि थोडं कडू लागतं. पंचमासाठी सातवा फ्रेट.

सहावी_तार

@डेल्टा_दादर, दुरुस्ती मान्य. शीर्षकात मुद्दामच ‘अर्ली’ लिहिलेलं नाही.

@कोमल_नी, प सा प सा ग प हे कुणी आधी सांगितलं असतं तर ट्यूनिंगवरच्या निम्म्या धाग्यांची गरजच पडली नसती.

एक जोड: व्हाइट जी मध्ये वाजवत नाही. स्लाइडच्या गाण्यांना त्याची जुनी के कंपनीची पोकळ आर्चटॉप (फुगीर तोंडाची गिटार) असते आणि ती ओपन ए मध्ये लावलेली असते: ई, ए, ई, ए, सी शार्प, ई. अंतरं तीच, सगळं एक पूर्ण स्वर वर. त्यामुळे वरचे सगळे फ्रेट क्रमांक जसेच्या तसे चालतात. ‘सेव्हन नेशन आर्मी’ही याच ट्यूनिंगमधलं. ब्लॅकपूलनंतर अकरा दिवसांनी, ८ फेब्रुवारी २००४ ला ग्रॅमी समारंभात त्यांनी ‘सेव्हन नेशन आर्मी’ वाजवून थेट ‘डेथ लेटर’मध्ये उडी मारली. ट्यूनिंग एकच असल्यावर मध्ये गिटार बदलायची, पेग (तारांच्या खुंट्या) पिळायची भानगडच नाही. कोट्यवधी लोकांसमोर हिट गाण्याच्या शेपटीला सन हाउस बांधणं हा त्यातला सगळ्यात धाडसी भाग, पण तांत्रिक सोयही तिथेच आहे.

पहिला_फ्रेट

प्रश्न: साध्या इलेक्ट्रिकवर, १० ते ४६ च्या (जाडी इंचाच्या हजाराव्या भागात) तारांच्या संचाने ओपन ए करताना तिसरी तार तुटते, नेहमी ब्रिजपाशी, म्हणजे गिटारच्या अंगावर तारा टेकतात तिथे. हे तारेमुळे की ब्रिजमुळे? आणि ओपन जी केलं तर जाड तारा लोळतात. मग लोक करतात काय?

व्हॉल्व्हवाला

@पहिला_फ्रेट, दोन्हीचं मूळ एकाच गणितात आहे.

तारेची लांबी आणि जाडी तीच ठेवली तर ताण कंपनसंख्येच्या वर्गाने बदलतो. एक पूर्ण स्वर चढवणं म्हणजे कंपनसंख्या १.१२ पट, आणि ताण १.२६ पट. ओपन ए साठी तुम्ही चौथी, तिसरी आणि दुसरी तार एकेक स्वर चढवता, म्हणजे त्या तिघींवर २६ टक्के जादा ताण. सहाही तारांचा ताण साधारण सारखा धरला तर मानेवर एकूण १३ टक्के. ओपन जी ला उलट: सहावी, पाचवी, पहिली एकेक स्वर उतरते, त्यांचा ताण २१ टक्क्यांनी घटतो, म्हणून त्या लोळतात आणि स्लाइड टेकवली की फ्रेटला लागतात.

तार नेहमी ब्रिजपाशीच तुटते याचा अर्थ सॅडलवर (ब्रिजवर तार टेकते त्या तुकड्यावर) धार आहे. नुसता ताण जास्त असता तर ती कधी नटपाशी (मानेच्या टोकाच्या खाचांच्या पट्टीपाशी), कधी पेगपाशीही तुटली असती. सॅडलच्या खाचेत बोट फिरवा, खरखर लागेल. ६०० नंबरच्या पॉलिश पेपरची बारीक सुरळी करून खाच घासा. नटच्या खाचेत पेन्सिलीचं शिसं चोळा, म्हणजे तार चढवताना अडकून एकदम उडी मारणार नाही.

जाडीचं गणित: मूळ ताण तसाच हवा असेल तर चढवलेल्या तारेची जाडी ०.८९ पट आणि उतरवलेल्या तारेची १.१२ पट. ओपन ए साठी १७ ची तिसरी तार १५ वर, १३ ची दुसरी साडेअकरा-बारावर. पण स्लाइडला थोडा जादा ताण चांगलाच, म्हणून तिसरीला १६ हा मधला मार्ग. ओपन जी साठी ४६ ऐवजी ५२, ३६ ऐवजी ४० किंवा ४२, आणि १० ऐवजी ११. सुट्या तारा मिळतात, अख्खा संच बदलायची गरज नाही.

नव्या तारा चढवल्यावर एक दिवस जाऊ द्या, मग मानेचा बाक बघा. ट्रस रॉड (मानेतली बाक सांभाळणारी सळई) एका वेळी पाव फेऱ्याहून जास्त फिरवू नका.

रेझो_रत्नागिरी

वरच्या सगळ्यात एक धोक्याची सूचना घालायची राहिली. इलेक्ट्रिकवर ओपन ए करा, पण धातूच्या अंगाच्या रेझोनेटरवर जाड तारांनी करू नका.

हाउस साठच्या दशकात नॅशनल कंपनीची रेझोनेटर वाजवायचा. तिच्यात आवाज लाकडी फळीतून येत नाही. साडेनऊ इंच व्यासाचा पातळ अ‍ॅल्युमिनियमचा शंकू असतो, त्याच्या टोकावर लाकडाची चकती, तिला बिस्किट म्हणतात, आणि बिस्किटात सॅडल. तारांचा दाब सॅडलमधून बिस्किटावर आणि तिथून शंकूवर येतो. १३ ते ५६ च्या तारा ओपन जी मध्ये शंकूला चालतात. त्याच तारा ओपन ए ला चढवल्या की शंकू मधोमध खचू शकतो. खचला की आवाज बसतो, अ‍ॅक्शन (तारांची फ्रेटपासूनची उंची) आपोआप खाली येते आणि मग नवा शंकू घेण्याशिवाय इलाज नाही. ए हवा असेल तर ओपन जी लावून दुसऱ्या फ्रेटवर कॅपो (सगळ्या तारा दाबणारा चिमटा). उत्तर तेच येतं.

रेझोनेटरमधून भिरभिर आवाज येत असेल तर आधी शंकूला दोष देऊ नका. क्रमाने बघा: वरच्या झाकणाचे स्क्रू, मग तारा सैल करून झाकण काढून बिस्किटाचा मधला स्क्रू, मग शंकूची कड खोबणीत सगळीकडे सपाट बसली आहे का. बहुतेक वेळा पहिल्या दोनांतच सापडतं. बिस्किटाचा स्क्रू मात्र आवळून पिळू नका, शंकूच्या टोकाला भेग पडते.

कोकणात, मुंबईत, गोव्यात जून ते सप्टेंबर तारा तीन आठवड्यांत गंजतात. गंजलेल्या तारेवर स्लाइड घासली की सुरावर वाळू चाळल्यासारखा आवाज येतो. वाजवून झाल्यावर कोरड्या फडक्याने प्रत्येक तार वरून आणि खालून पुसा, केसमध्ये सिलिका जेलच्या पुड्या ठेवा आणि त्या दोन आठवड्यांनी बदला. पत्र्याच्या गिटारची गंजण्याची सुरुवात अनेकदा आतून, शंकूच्या कप्प्यापासून होते, बाहेरून चकचकीत दिसली तरी.

पहिला_फ्रेट

सॅडलवर धार होतीच, घासली. स्लाइड कोणती घ्यावी? काच की पितळ?

रेझो_रत्नागिरी

या गाण्याला धातू. काचेचा सूर मऊ सुरू होतो, धातूचा सुरुवातीलाच टोचतो. जड घ्या, भिंत निदान तीन मिलिमीटरची. एसी दुरुस्तीवाल्यांची तांब्याची नळी फुकट मिळते पण भिंत एक मिलिमीटरची, फार हलकी, तारेवर नाचते. स्पार्क प्लगच्या पान्याचं खोल सॉकेट हा स्वस्त आणि उत्तम पर्याय. लिटल फीट या बँडचा लोवेल जॉर्ज ११/१६ इंचाचं सॉकेटच वापरायचा, म्हणजे साडेसतरा मिलिमीटर. आधी बोटात घालून बघा आणि आतल्या कडा घासून घ्या. सैल झालं तर आत कापडी चिकटपट्टीचे दोन वेढे.

करंगळीत घाला, तीन बोटं मोकळी राहतात. स्लाइडच्या मागे तर्जनी तारांवर हलकी टेकवून ठेवा, नाहीतर स्लाइड आणि नट यांच्या मधला तुकडाही वाजतो आणि भुतासारखे सूर निघतात. अ‍ॅक्शन बाराव्या फ्रेटवर अडीच ते तीन मिलिमीटर.

ठेकेदार

सगळे गिटारवरच लिहिताहेत, मेग व्हाइट कुणाला आठवेना.

‘डेथ लेटर’चं बँडमध्ये काय बिघडतं ते सांगतो. हाउस एकटा वाजवायचा. एकटा माणूस ओळ संपली की श्वास घेतो, मनात येईल तेव्हा पुढची ओळ सुरू करतो. त्यामुळे चार मात्रांची बारा आवर्तनं हा फक्त साचा आहे. एखाद्या कडव्यात अर्धं आवर्तन जास्त, एखाद्यात रिफ दोनदा. हे चुकून होत नाही. गाण्याची ओळ आधी आणि हिशोब नंतर, इतकंच. आता यावर बेस आणि ड्रम चढवा. बेसवाला बारा मोजून मध्यमावर जातो, गाणारा अजून षड्जावरच असतो. मग सगळे मिळून बाराची शिस्त लावतात आणि गाण्याचा जीव जातो.

व्हाइट स्ट्राइप्समध्ये बेस नाही. मेगकडे मोजण्यासारखं फारसं नाही: बेस ड्रम, स्नेअर, झांजा, आणि नजर जॅकवर. ठुमरीत तबलजी गायकाच्या तोंडाकडे बघून लग्गी सुरू करतो तसं. तो ओळ लांबवतो तेव्हा ती फक्त बेस ड्रम चालू ठेवते, तो रिफवर आदळला की झांज. तिला ‘कच्ची’ म्हणणाऱ्यांनी या गाण्यावर भरणे (ओळींमधली जागा भरणारे जादा ठोके) टाकून वाजवून बघावं. प्रत्येक भरणं पुढची ओळ कधी येणार ते आधीच ठरवून टाकतं, आणि गाणारा त्यात अडकतो.

सराव करायचा असेल तर क्लिकवर (मेट्रोनोमवर) रिफ बसवा, मिनिटाला ८० ठोक्यांपासून, नीट बसली की क्लिक बंद करा. गाण्यासकट क्लिकवर बसवू नका.

डेल्टा_दादर

ठेकेदारांशी नव्वद टक्के सहमत. पण ब्लॅकपूलला लय सुरुवातीपासून शेवटपर्यंत वाढत जाते, आणि हे दोघांचं हातातून सुटणं आहे की ठरवून केलेलं, याचं उत्तर ‘ब्लूज असंच असतं’ हे होऊ शकत नाही.

ठेकेदार

१९६५ च्या ध्वनिमुद्रणाचं पहिलं आणि शेवटचं कडवं वेगवेगळं काढून लागोपाठ ऐका. हाउसचीही लय चढते, तीही एकट्याची, समोर ड्रम नसताना. विलंबित सुरू करून द्रुतात जाणाऱ्यांच्या देशात आपण लय वाढली म्हणून तक्रार करतोय, गंमत आहे.

सुटणं आणि चढणं यातला फरक मात्र खरा आहे, तेवढं मान्य. सुटते तेव्हा आघात हलके होत जातात, कारण हाताला वेळ पुरत नाही. चढवलेली असते तेव्हा आघात तितकेच जड राहतात. ब्लॅकपूलला शेवटच्या कडव्यापर्यंत पाचवी तार तितकीच जोरात पडते.

डेल्टा_दादर

हा निकष पटला. पुन्हा ऐकलं, मधल्या सोलोत एकदोन ठिकाणी सुटलंय असं अजूनही वाटतं, पण कडव्यांत नाही.

व्हॉल्व्हवाला

आता आवाजाकडे. व्हाइटचं तेव्हाचं सामान जगजाहीर आहे: इलेक्ट्रो-हार्मोनिक्सचं बिग मफ हे फझ पेडल, डिजिटेकचं व्हॅमी हे सूर वर-खाली सरकवणारं पेडल, आणि दोन अ‍ॅम्प, फेंडर ट्विन रिव्हर्ब आणि एकेकाळी अमेरिकेत सिअर्सच्या दुकानांत विकला जाणारा सिल्व्हरटोन १४८५. सिल्व्हरटोन म्हणजे १०० वॉट आणि दहा इंची सहा स्पीकर. घरात हे शक्य नाही आणि गरजही नाही.

मफबद्दल एक गोष्ट लोक विसरतात. त्याचं टोनचं बटण मध्यावर ठेवलं की मधल्या कंपनसंख्या खड्ड्यात जातात. चार जणांच्या बँडमध्ये म्हणूनच मफवाली गिटार गायब होते. दोघांच्या बँडमध्ये खड्डा भरायला आवाज आहे आणि खाली बेस नाही, त्यामुळे तोच खड्डा उपयोगी पडतो: खाली पाचवी-सहावी तार, वर स्लाइड, मध्ये गाणारा. तुमच्याकडे बेसवाला असेल तर हे पेडल या गाण्याला वापरू नका, साधा ओव्हरड्राइव्ह (आवाज कमी फाडणारं पेडल) घ्या.

मफचं सस्टेनचं (फझ किती ते ठरवणारं) बटण घड्याळात दहाच्या काट्यापेक्षा वर नको. सहावी_तार ज्या ‘टण्ण’बद्दल म्हणताहेत तो आवाजाचा अगदी सुरुवातीचा टोकदार भाग आहे. फझ जितका जास्त, तितकं ते टोक सपाट होतं आणि मोठा आघात व लहान आघात एकाच उंचीचे ऐकू येतात. आघात दाखवायचा तर फझ कमी आणि हात जड. उलटं केलं की भिंत मिळते, गाणं मिळत नाही.

व्हॅमी लावणार असाल, सोलोत एक सप्तक वर न्यायला, तर ते फझच्या आधी लावा. त्याला सूर ओळखावा लागतो आणि फझमधून आलेला गढूळ आवाज त्याला ओळखता येत नाही, मग तो अडखळतो. दोन तारा एकदम वाजल्या तरी अडखळतो, पण तो अडखळणारा आवाज या गाण्यात वाईट लागत नाही.

पोकळ गिटार आणि फझ म्हणजे शिट्टी येणारच. अ‍ॅम्पपासून दोन-तीन मीटर लांब, अ‍ॅम्पकडे तोंड न करता थोडं तिरकं उभं राहा, आणि एफच्या आकाराच्या छिद्रांत स्पंजचे तुकडे बसवा. स्पंज थोडा दिसतो, पण ती गिटार दिसायला तशीही कुणाला नको असते. व्हाइटची के गिटार त्याला भावाला फ्रिज हलवायला मदत केल्याबद्दल मिळाली होती असं तोच सांगतो.

कोमल_नी

या कार्यक्रमाबद्दल एक वस्तुस्थिती ऐकताना उपयोगी पडेल. जुलै २००३ मध्ये मोटार अपघातात व्हाइटच्या डाव्या हाताची तर्जनी मोडली होती, शस्त्रक्रिया झाली, कार्यक्रम रद्द झाले. ब्लॅकपूल त्यानंतर सहाच महिन्यांनी. त्याचा वादनावर काय परिणाम झाला यावर अंदाज बांधत नाही. पण वर ज्या तर्जनीने स्लाइडच्या मागच्या तारा दाबायच्या म्हटलं आहे ती हीच, एवढं लक्षात ठेवून ऐका.

गाण्याबद्दल: फळीचा जो उल्लेख आहे तो समजला नाही तर कडवं नुसतं रिकामं जातं. शवगृहं आणि लेपनाची सोय सगळीकडे पोचायच्या आधी प्रेत लाकडी फळीवर ठेवून खाली बर्फ ठेवत, ती ही फळी. ब्लूजमध्ये ती वारंवार येते. हाउस ती ओळ घाईने म्हणतो आणि गिटारच जास्त बोलते. व्हाइट उलट करतो, तिथे जवळजवळ किंचाळतो. मला हाउसचं जास्त खरं वाटतं.

सहावी_तार

मलाही. पण व्हाइटसमोर बॉलरूमभर लोक आहेत, हाउससमोर स्टुडिओतला मायक्रोफोन.

एक संबंध सांगायचा राहिला. हाउस १९४३ मध्ये उत्तरेला रॉचेस्टरला गेला आणि वाजवणं जवळपास सोडलं. १९६४ मध्ये ब्लूजच्या मागावरच्या तीन तरुणांनी त्याला शोधून काढलं तेव्हा त्याला स्वतःचीच गाणी आठवेनात. पुढे कॅन्ड हीट बँड काढणारा अ‍ॅलन विल्सन त्याच्यासमोर बसला आणि त्याच्याच जुन्या तबकड्यांवरून शिकलेली गाणी त्याला वाजवून दाखवत गेला, मग हात परत आला. म्हणजे १९६५ चं ‘डेथ लेटर’ हीसुद्धा एका अर्थी पुन्हा शिकलेली आवृत्ती आहे. हाउसबुवा शेवटची वर्षं डेट्रॉइटला होते, तिथेच १९८८ मध्ये गेले. जॅक व्हाइट डेट्रॉइटचाच, १९७५ चा जन्म. व्हाइट स्ट्राइप्सचा १९९९ चा पहिला अल्बम हाउसलाच अर्पण केलेला आहे.

(बुवा म्हणालो कारण हाउस आधी बाप्टिस्ट धर्मोपदेशक होता आणि गिटार पंचविशीत धरली. त्याच्या गाण्यातला चढता आवाज प्रवचनाचा आहे. कीर्तनकाराने आख्यान लावताना आवाज जसा एकेक पायरी चढवावा, तसा.)

डेल्टा_दादर

किंचित दुरुस्ती, गैरसमज नको म्हणून: अल्बमवर विल्सन दोन गाण्यांत साथीला आहे, एकात गिटार, एकात माउथ ऑर्गन. ‘डेथ लेटर’मध्ये नाही. ते हाउसचं एकट्याचं आहे, दुसरी गिटार ऐकू येते असं वाटलं तर तो त्याचाच अंगठा आहे.

पहिला_फ्रेट

१६ ची तिसरी तार टाकली, ओपन ए टिकतंय. पण ‘टण्ण’ येत नाही. तार उचकटली की नुसता ‘फट्’ होतो आणि सूर मरतो. पिकने करतोय.

सहावी_तार

दोन कारणं संभवतात. पिकने तार बाजूला ढकलली जाते, वर उचलली जात नाही, म्हणून ती फ्रेटवर आपटत नाही. पिक अंगठा आणि मधल्या बोटात धरा, तर्जनी मोकळी करा, आणि पहिली-दुसरी तार तर्जनीच्या टोकाने खालून पकडून सरळ वर ओढून सोडा. दुसरं, हात ब्रिजपाशी असेल तर तिथे तार ताठ असते, उचलली जात नाही. मान जिथे संपते त्याच्या जरा पुढे या.

आणि सूर मरतो आहे तो बहुतेक उजव्या हाताच्या तळव्याने. आघातानंतर तळवा तारांवर पडून राहतो. हाउसचा हात पडतो आणि लगेच उडतो. स्लाइड बाजूला काढून ठेवा, मोकळ्या पाचव्या आणि पहिल्या तारेवर फक्त एवढंच पाच मिनिटं करा: अंगठा, उचक, अंगठा, उचक. बोटाचं टोक दुखायला लागलं की त्या दिवसापुरतं थांबा.

रेझो_रत्नागिरी

आणि अ‍ॅक्शन तीन मिलिमीटरच्या वर गेली असेल तर कितीही उचकटलं तरी तार फ्रेटपर्यंत पोचणार नाही. आधी ती मोजा.

पहिला_फ्रेट

साडेतीन निघाली.